जुन्नरी कागद कोणीं बुडविला ?

१

जुन्या दफ्तरांचे रुमाल ज्यांनीं स्वतःच्या हातांनीं सोडले आहेत, अशा वाचकांस जुन्नरी कागदाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. खळ देऊन व घोटून काढल्यामुळें ज्यावर झिलई आलेली असते, बोरूचें टोंक न अडखळतां मोडी अक्षर ज्यावरून सरसर धांवतें, आणि उजेडापुढें धरला असतां चाळणीच्या काड्यांच्या बारीक रेषा ज्यांत दिसतात, असा तो कागद दोनशें वर्षांनंतरहि बहुधा चिवट राहिलेला आढळतो. उलट शंभर वर्षांपूर्वींचा यंत्राचा कागद हातांत घेतला कीं त्याच्या कडा झडूं लागतात, हाहि अनुभव सर्वांचा आहे.

हा धंदा कशानें बुडाला असें विचारलें तर उत्तर ठरलेलें असतें. इंग्रजांनीं खुल्या व्यापाराचें धोरण लादलें, विलायती कागद आला, आणि जुन्नरचे कागदी उघडे पडले. प्रस्तुत लेखकानेंहि शाळेंत अनेक वर्षें मुलांस हेंच वाक्य शिकविलें. हें वाक्य खोटें नाहीं. पण तें अपुरें आहे, आणि अपुऱ्या सत्यावर दिलेला निकाल बहुधा चुकतो. निवृत्तीनंतर सवड मिळाल्यावर सनावळी पुढ्यांत घेऊन या वाक्याची तपासणी केली, तेव्हां दोषाची वांटणी निराळी दिसूं लागली. ती वाचकांपुढें मांडण्याचा या लेखाचा हेतु आहे.

प्रश्न केवळ जुना नाहीं. नोव्हेंबर २०१९ मध्यें भारत आशियांतील प्रादेशिक व्यापार-करारांत सामील होण्याचें नाकारून बाहेर पडला. २४ जुलै २०२५ रोजीं ब्रिटनशीं व्यापार-करारावर सह्या झाल्या. करार झाला तरी आणि मोडला तरी, कोणाचा तरी धंदा बुडविल्याचा दोष कोणाच्या तरी माथीं मारला जातो. ज्या प्रांतीं असा दोष देण्याची परंपरा दीडशें वर्षांहून जुनी आहे, तेथील एक प्रकरण नीट वाचून पाहणें म्हणूनच उपयोगाचें होईल.

२

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. परक्यांशीं व्यापार झाला म्हणजे गांवचे कारागीर बुडतात, असा कांहीं नियम नाहीं; निदान जुन्नरचा इतिहास तसें म्हणत नाहीं. जुन्नरच्या भोंवतालच्या डोंगरांतील लेण्यांत 'यवन' म्हणविणाऱ्या दात्यांचे लेख आहेत. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा लेख तेथेंच मानमोडीच्या डोंगरांत आहे. त्याच लेण्यांत धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें दिलेल्या लेण्याचा व टांक्याचा उल्लेख आहे. वेळूचें काम करणारे व कासार यांच्या श्रेणींकडे धर्मादायाच्या ठेवी ठेविल्याचाहि उल्लेख आहे. ज्या कारागिरांच्या मंडळाकडे लोक अक्षय ठेव ठेवितात, तें मंडळ पिढ्यान्‌पिढ्या टिकेल असा लोकांचा विश्वास असला पाहिजे. आणि हें सर्व नाणेघाटांतून कोंकणच्या बंदरांकडे माल जात-येत असतां चाललें होतें. घाटमाथ्यावरील दगडी रांजणास लोक जकातीचा रांजण म्हणतात. तो खरोखर जकातीचा असो वा नसो, त्या वाटेनें माल वाहत होता याविषयीं वाद नाहीं.

तेव्हां बाजार मोकळा कीं बंद, एवढ्यावरून निकाल लागत नाहीं. मोकळ्या बाजारांतहि श्रेणी उभ्या होत्या. आपला भाव व आपली पत राखण्यास त्या समर्थ होत्या, हा खरा मुद्दा.

३

मराठी राज्याच्या कागदांत जकातीचा विचार स्पष्ट दिसतो. शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजी महाराजांनीं इ. स. १६७१ मध्यें कुडाळ प्रांताचे नरहरि आनंदराव यांस लिहिलेलें मिठाविषयींचें पत्र संशोधकांस परिचित आहे. फिरंग्यांच्या ताब्यांतील बारदेशचें मीठ स्वस्त पडत असल्यामुळें संगमेश्वराकडील मिठास गिऱ्हाईक राहणार नाहीं, म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, असा त्या पत्राचा आशय आहे. आज ज्यास संरक्षक जकात म्हणतात, तिचें इतकें स्वच्छ उदाहरण सतराव्या शतकांतील मराठी कागदांत क्वचितच सांपडेल.

तथापि याच महाराजांनीं तीन वर्षांनीं, १६७४ मध्यें, राज्याभिषेकाच्या प्रसंगीं आलेल्या हेन्री ऑक्झिंडेन याच्या वकिलातीशीं करार करून इंग्रजांस शेंकडा अडीच जकातीवर आपल्या मुलखांत व्यापाराची परवानगी दिली. ह्या दोन कृतींत विसंगति पाहणारांनीं मीठ कोण करीत होतें हें लक्षांत घ्यावें. ज्या मालानें प्रजेचा जम बसलेला धंदा मोडतो तो अडवावा, आणि ज्यानें बंदर वाढतें त्यास वाट द्यावी, असा मालागणिक विवेक तेथें आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतहि साहुकार ही राज्याची शोभा मानिली आहे आणि टोपीकरांविषयीं मात्र सावधगिरी सांगितली आहे.

पुढें वसई पडल्यावर जुलै १७३९ मध्यें चिमाजी आप्पा व कॅप्टन इंचबर्ड यांच्यामध्यें तह झाला, आणि त्यानें इंग्रजांस पेशव्यांच्या मुलखांत व्यापाराची मोकळीक मिळाली. आमच्या भागापुरता हा बहुधा पहिला खुल्या व्यापाराचा करार म्हणतां येईल. आतां जुन्नरच्या कागदाचें काय झालें ? पुढील ऐंशी वर्षें तर पेशवाईच्या दफ्तराच्या भर वाढीचीं वर्षें. गो. स. सरदेसाई यांनीं १९३० पासून पंचेचाळीस खंडांत ज्यांतून निवडक वेंचे प्रसिद्ध केले, तो अफाट संग्रह बहुतांशीं देशी कागदावरच आहे. पुण्याच्या कसब्यांतील कागदीपुरा जुन्नरच्या कागद्यांनीं वसविला, असें परंपरा सांगते. तेव्हां केवळ तहांतील एका कलमानें कागदी बुडाले नाहींत. पेशव्यांस विलायती कागदाची आवश्यकता नव्हती, आणि विलायती कागद तेव्हां हातानेंच होत असल्यामुळें तो समुद्र ओलांडून स्वस्त पडणेंहि शक्य नव्हतें.

४

मग घडलें काय ? घटना क्रमानें मांडल्या असतां पुढील साखळी दिसते.

इ. स. १८१८ मध्यें पेशवाई गेली. कागदाचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक एका वर्षांत नाहींसें झालें. सरदारांचीं दफ्तरें, कारखानिशी, फडणिशी, रोजकीर्दी यांचा रोजचा खप आटला. गांवचे कुळकर्णी व सावकार मोडींत लिहीत राहिले, म्हणून धंदा एकदम मेला नाहीं. पण मोठें गिऱ्हाईक गेलें तें गेलेंच. हा राज्य गेल्याचा परिणाम आहे. जकातीच्या दराचा नव्हे.

दुसरी गोष्ट यंत्राची. १७९९ मध्यें फ्रान्सांत निकोला रोबेर यानें कागदाची अखंड पट्टी काढणाऱ्या यंत्राचा हक्क घेतला, आणि पुढील दशकांत इंग्लंडांत फोर्ड्रिनियर बंधूंच्या द्रव्यानें तें चालू झालें. कागदी हौदांत चाळणी बुडवून एक एक ताव उचलतो, भिंतीवर वाळवितो, खळ देतो, दगडानें घोटतो. यंत्रांतून गज न् गज कागद वाहत बाहेर पडतो. शिवाय छापखान्यास घोटलेल्या कागदापेक्षां सारख्या जाडीचा कागद सोयीचा. १८३१ मध्यें गणपत कृष्णाजींनीं मुंबईंत छापलेल्या पंचांगापासून मराठी मुद्रणाचा जो विस्तार झाला, त्यानें कागदाचा खप शतपट वाढविला, पण तो वाढलेला खप जुन्नरच्या वांट्यास आला नाहीं.

तिसरी गोष्ट सरकारी खरेदीची, आणि दोषाचा खरा भार येथें आहे असें मला वाटतें. सर चार्ल्स वुड हे १८५९ ते १८६६ भारतमंत्री होते. त्यांच्या कारकीर्दींत हिंदुस्थान सरकारास लागणारा कागद विलायतेंतच खरेदी करावा असा हुकूम निघाला. खुल्या व्यापाराचें तत्त्व सांगणाऱ्या सरकारानें स्वतःच्या खरेदींत मात्र बाजार मोकळा ठेवला नाहीं ! जो स्वस्त व चांगला देईल त्याचा माल घ्यावा, हें तत्त्व असतें तर देशी कागदास निदान स्पर्धेचा अवसर होता. येथें तोहि उरला नाहीं. स्थानिक मालास अग्रक्रम देण्याचें धोरण लॉर्ड रिपन यांच्या कारकीर्दींत, १८८३ मध्यें, जाहीर झालें. तोंपर्यंत वीस वर्षें गेलीं होतीं.

चौथी गोष्ट वाटेची. १८६३ मध्यें बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली आणि मुंबई-पुणें हा एकच हमरस्ता झाला. १८६९ मध्यें सुवेझचा कालवा उघडला. जुन्नरला आजतागायत आगगाडी नाहीं. ज्या नाणेघाटानें जुन्नरास मोठें केलें, तो घाट तसाच राहिला आणि व्यापार बाजूनें निघून गेला.

आतां जकातीचा क्रम पाहा. १८६० मध्यें आयात मालावर सामान्यतः शेंकडा दहा, १८६४ मध्यें साडेसात, १८७५ मध्यें पांच. मार्च १८८२ मध्यें मीठ, मद्य, शस्त्रें असे थोडे पदार्थ वगळून बाकी सर्व जकाती रद्द. आणि १८९४ मध्यें खजिना रिता झाला म्हणून पुन्हां पांच. १८८२ चें साल आमच्या लेखकांनीं खुल्या व्यापाराचा कळस म्हणून दाखविलें, तें योग्यच आहे. परंतु हाताचा ताव व यंत्राचा ताव यांच्या खर्चांतील अंतर शेंकडा पांचांच्या जकातीनें भरून निघण्यासारखें नव्हतें. शिवाय त्याच सुमारास लखनौ, टिटागड आणि जुन्नरपासून साठ मैलांच्या आंत पुण्याजवळ मुंढव्यास कागदाच्या देशी गिरण्या निघाल्या. विलायती कागद बंदरांतच अडविला असता तरी मुंढव्याचा कागद जुन्नरच्या बाजारांत आलाच असता. १८८५ च्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत जुन्नरच्या कागदाची नोंद आहे. तात्पर्य, १८८२ नंतरहि हौद अगदीं कोरडे पडले नव्हते, पण बाजार केव्हांच हातचा गेला होता.

५

दोष देणाऱ्यांचा इतिहासहि येथें सांगितला पाहिजे. १८४१ मध्यें भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनीं 'बॉम्बे गॅझेट' पत्रांत टोपणनांवानें पत्रें लिहून इंग्रजी व्यापारानें देशाचें द्रव्य व धंदे नेल्याचा आरोप केला. लोकहितवादींनीं १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रांत लिहितांना देशी माल वापरण्याचा उपदेश केला. १८७० नंतर गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांनीं स्वदेशीचें व्रत चालविलें. १८९२ मध्यें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत न्यायमूर्ति रानडे यांनीं दिलेलें अर्थशास्त्रावरील व्याख्यान प्रसिद्ध आहे. खुल्या व्यापाराचें शास्त्र हें सर्व देशांस सर्व काळीं लागू पडणारें शास्त्र नव्हे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. १८९६ मध्यें आयात कापडावर साडेतीन टक्के जकात आणि देशी गिरण्यांच्या कापडावर तितकाच अंतर्गत कर बसला, तेव्हां टिळकांनीं परदेशी कापडाच्या बहिष्काराची चळवळ हातीं घेतली. हा कर उठण्यास डिसेंबर १९२५ उजाडावा लागला.

हे सर्व आरोप करणारे थोर होते आणि त्यांचा रोख खरा होता. पण एक गोष्ट लपविण्यांत अर्थ नाहीं. या सर्व वादांत कापड आणि गिरणी यांचें नांव शंभरदां येतें. जुन्नरच्या कागद्याचें क्वचितच. विलायती कापडाविरुद्ध लेख ज्या वर्तमानपत्रांतून निघत तीं यंत्राच्या कागदावर छापलीं जात. दुसरा उपाय नव्हता. आमच्या शाळांच्या पाट्या गेल्या व वह्या आल्या, त्याहि यंत्राच्या कागदाच्या. हा कागद पांढरा, सारखा व स्वस्त होता, म्हणून आम्हीं तो घेतला. स्वस्त वहीमुळें गरिबाचें पोर लिहावयास शिकलें, हा लाभहि हिशेबांत धरला पाहिजे. मात्र लाभ सर्वांनीं घेतला आणि हानि एका आळीनें सोसली, ही नोंदहि त्याच हिशेबांत हवी.

पुढें संरक्षण आलें तेव्हां काय झालें ? १९२५ मध्यें बांबूच्या कागदधंद्याच्या संरक्षणाचा कायदा झाला. लिहिण्याच्या व छापण्याच्या आयात कागदावर पौंडास एक आणा जकात बसली. गिरण्या सांवरल्या. पण त्या आण्यापैकीं एक पैहि हौदावर बसणाऱ्यापर्यंत पोंचण्याची तजवीज कायद्यांत नव्हती. खुल्या व्यापारानें कागद्याकडे पाहिलें नाहीं, आणि संरक्षणानेंहि पाहिलें नाहीं. हातकागदाकडे प्रथम लक्ष गेलें तें १९३४ मध्यें वर्ध्यास ग्रामोद्योग संघ निघाल्यावर; पुढें के. बी. जोशी यांच्या खटपटीनें पुण्यास हातकागदाची संस्था उभी राहिली. परशुराम कृष्ण गोडे यांच्यासारख्या पंडितांनीं कागदाच्या इतिहासावर लेख लिहिले तेहि याच काळांत. धंदा संपत आल्यावर त्याचा इतिहास सुरू झाला, हें आमचें नेहमींचें आहे.

६

या प्रकरणांतील मर्म मला एका तुलनेनें उमगलें. २३ जानेवारी १८६० रोजीं इंग्लंड व फ्रान्स यांच्यामध्यें कॉब्डेन व शव्हालिए यांचा प्रसिद्ध व्यापार-करार झाला. त्या करारानें परदेशी कागद इंग्लंडांत सुलभपणें येणार, परंतु कागदास लागणाऱ्या चिंध्या मात्र युरोपांतील राज्यें बाहेर जाऊं देत नाहींत किंवा त्यांवर जबर निर्यात जकात घेतात, म्हणून आम्ही बुडूं, असा आक्रोश इंग्लंडच्या कागदवाल्यांनीं केला. खुल्या व्यापाराच्या करारानें रोजगार बुडतो हा आरोप, तोहि कागदाच्याच धंद्यांत, खुद्द इंग्लंडांतच निघाला होता ! परिणाम काय झाला ? पार्लमेंटांत वाद झाले, १८६१ मध्यें चौकशीची समिति बसली, आणि त्याच वर्षीं ग्लॅडस्टन यांनीं कागदावरील जुना अंतर्गत कर उठविला. विलायती कागद त्यामुळें अधिकच स्वस्त झाला.

त्याच सुमारास जुन्नरच्या कागद्याविरुद्ध वुडसाहेबांचा हुकूम निघाला. त्यानें कोठें आक्रोश करावा ? त्याची श्रेणी उरली नव्हती, दरबार उरला नव्हता, आणि विधिमंडळांत त्याच्या वतीनें उठून बोलणारा कोणी नव्हता. इंग्रज कागदवाला व जुन्नरचा कागदी यांच्यांत भेद यंत्राचा होता तितकाच दाद मागण्याच्या जागेचाहि होता. संगमेश्वरच्या मिठाची काळजी १६७१ मध्यें राजाच्या पत्रांत उतरली. जुन्नरच्या कागदाची काळजी १८६० नंतरच्या एकाहि हुकुमांत उतरली नाहीं. माझ्या मतें मुख्य अपराध हा आहे. जकातीचा आंकडा ही त्याची एक खूण.

७

याच डोंगरांतील एक विरुद्ध उदाहरण देतों. जुन्नर व आंबेगांव तालुक्यांच्या पश्चिमेकडील रानांत, भीमाशंकराच्या बाजूस, महादेव कोळी लोक हिरडा वेंचतात. हिरड्याचा उपयोग शाईंत होत असे, हें पोथ्या पाहणारांस माहीतच आहे. जुन्नरचा कागद आणि आंबेगांवच्या रानचा हिरडा हे एका बैठकीचे सोबती. कागदास परदेशी व्यापारानें मारलें. पण कातडीं कमावण्यासाठीं हिरडा मुंबई बंदरांतून युरोपास जाऊं लागला. एकच वारा एकाचा दिवा विझवितो व दुसऱ्याची चूल पेटवितो. मात्र १८७८ च्या जंगल कायद्यानंतर रानावरील सत्ता सरकारकडे गेली, म्हणून त्या चुलीवर शिजलेल्या अन्नाचा वांटा वेंचणारास किती मिळाला, हाहि प्रश्न व्यापारापेक्षां सत्तेचाच ठरतो.

आजहि तोच प्रश्न निराळ्या वेषांत उभा आहे. आग्नेय आशियांतील राष्ट्रांशीं झालेल्या करारामुळें २०१४ पासून बहुतेक कागद जकातीवांचून देशांत येतो, आणि ज्या गिरण्यांनीं हातकागदास बाजूस सारलें त्यांचेच वारस आतां कराराविरुद्ध गाऱ्हाणें मांडीत आहेत. ऑगस्ट २०२३ मध्यें भाव चढतांच नेपाळांतून टोमॅटो आणण्याचें ठरलें आणि कांद्याच्या निर्यातीवर शेंकडा चाळीस कर बसला. नारायणगांव व मंचर येथील बाजार ज्यांस ठाऊक आहेत, त्यांस याचा अर्थ सांगावयास नको. पहिल्या कृतींत दार उघडलें, दुसऱ्या कृतींत बंद केलें. आणि दोन्ही वेळां विचार खाणाराचा झाला, पिकविणाराचा मागाहून. म्हणून नुसतें 'करारानें बुडविलें' किंवा 'जकातीनें तारलें' असें म्हणून भागत नाहीं. करार कोणीं केला, कोणास विचारून केला, ज्याचें नुकसान होणार त्यास दाद मागण्यास जागा कोठें ठेविली, आणि लाभांतून त्यास काय दिलें, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय दोषाची वांटणी होत नाहीं.

शेवटीं संग्राहक वाचकांस एक विनंति आहे. आपण पोथीचें नांव, कर्ता, लेखक व शक टिपतों. कागदाविषयीं 'देशी' एवढा एकच शब्द लिहून पुढें जातों. लेखकु आपलें नांव समाप्तीस लिहितो. कागदी कोठेंच लिहीत नाहीं. त्याची सही म्हणजे चाळणीच्या रेषा. पोथी उजेडापुढें धरून त्या रेषा इंचांत किती, तावाची लांबी-रुंदी किती, घोटाई एका बाजूस कीं दोन्ही बाजूंस, हें यादींत लिहिलें, आणि शक मिळत असेल तेथें तो शेजारीं मांडला, तर जुन्नरचा कागद कोणत्या वर्षापासून विरळ होत गेला हें आपल्याच संग्रहांतून ठरवितां येईल. माझ्या घरच्या पोथ्यांपासून मीं हें काम आरंभिलें आहे. वरील साखळींत मीं जो क्रम लाविला, तो त्या यादीनें दुरुस्त झाला तर मला आनंदच होईल. ज्या मुसलमान कागद्यांच्या हातच्या तावांवर आमचे वेद, आमचे हिशेब आणि आमचें राज्य लिहिलें गेलें, त्यांस न्याय देण्यास न्यायासन उरलें नाहीं. निदान त्यांची साक्ष तरी नोंदली जावी.